होळीच्या माळावरची परात

पहिला दगड कोणी मारला ते मी पाहिलं. सगळं गाव तेव्हा माळावर जमलेलं होतं, तरी दगड सुटला तो हात फार थोड्यांनी पाहिला असेल, कारण सगळे वर झाडाच्या शेंड्याकडे बघत होते. मी माणसांकडे बघत होते. ती माझी जुनी सवय. बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते, मग मी बघत राहते.

माझे बाबा विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ स्टेशनवर तंत्रज्ञ होते. पेणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, मिठागरं आणि खारजमिनीच्या मधोमध एक उंचवटा आहे. उधाणाचं पाणीसुद्धा तिथे चढत नाही. त्या माळावर लोखंडी खांबांवर जाळीचं भलंमोठं गोल छत होतं आणि छतावर पांढऱ्या मडक्यांसारखे अँटेना गोल मांडलेले. गावात त्याला परात म्हणत. आम्ही रामवाडीला क्वार्टरमध्ये राहायचो, पण सुट्टीचा दिवस मी बाबांबरोबर परातीखालच्या खोलीतच काढायचे. ढगात अडकलेल्या विमानाला खालचं काही दिसत नसलं, तरी परातीचा आवाज पोचायचा. "तू माझ्या उत्तरेला आहेस की दक्षिणेला, नेमका कुठल्या अंगाला, एवढंच मी सांगणार. पुढचं तुझं तू बघ," बाबा परातीच्या वतीने म्हणायचे.

परातीपासून थोडं लांब, कुंपणाबाहेर, एक लहानसा खांब होता. परात काय बोलते ते सतत ऐकत राहायचं, हे त्याचं काम. तिनं चुकीची दिशा सांगायला सुरुवात केली की हा खांब तिला बंद पाडायचा. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसावं, असा त्या यंत्राचा नियम. मला तो लहानपणापासून फार पटायचा.

पण तो माळ मुळात होळीचा. शिमग्याला गाव सावरीचं उंच झाड तोडून वाजतगाजत तिथे आणायचं, खड्ड्यात उभं करायचं, दोरांनी चारी बाजूंनी ताणायचं, बुंध्याशी पेंढा आणि लाकडं रचायची आणि अंधार पडताना पेटवायचं. सरकारने माळ घेतला, कुंपण घातलं आणि गावातल्या एकाला चौकीदाराची नोकरी दिली. ती ज्यांनी घेतली त्यांना मी काका म्हणायचे. होळी कुंपणाबाहेरच्या चिखलात गेली आणि 'माळ विकून नोकरी घेतली' हे काकांच्या कपाळी आलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईहून एक नवे साहेब आले. त्यांच्या हातात उपग्रहावरून जागा सांगणारं छोटं यंत्र होतं. ते घेऊन ते माळभर फिरले आणि बाबांना आकडे दाखवत म्हणाले, "ही परात थोड्या वर्षांत भंगारात जाणार बघा."

"आणि ज्यांचे उपग्रह आहेत त्यांनी बटण बंद केलं तर?"

"म्हणून तर तुम्हाला अजून पगार मिळतोय," साहेब हसून म्हणाले. "बॅकअप आहात तुम्ही. बॅकअप."

चहा देणाऱ्या माणसाने हे ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावात पोचवलं. आता विमानं उपग्रहावर चालतात, मग माळ आमचा आम्हाला द्या. त्या वर्षीच्या शिमग्याला गाव झाड घेऊन थेट फाटकाशी आलं आणि काकांकडे किल्ली मागितली. काकांनी किल्ली लेंग्याच्या नाडीत बांधली आणि फाटकाला पाठ लावून उभे राहिले. त्यांना बाजूला फेकलं, पहारीने कुलूप तोडलं. झाड आत उभं राहिलं, पण घाईत दोर नीट ताणले नव्हते. पेटवायच्या आधीच ते कलंडलं आणि एका माणसाचा खांदा मोडून गेलं. मग राग परातीवर निघाला. मडकी फुटली. बाबा टेबलाखाली बसून फोनवर परात बंद असल्याचं कळवत होते आणि पत्र्यावर दगडांचा पाऊस पडत होता.

पुढच्या आठवड्यात गावकी बसली आणि काकांना वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे रायगडबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. काकांशी कोणी बोलायचं नाही. बोलला त्याला दंड. गिरणी त्यांचं पीठ दळणार नाही, दुकानदार मीठसुद्धा देणार नाही, त्यांच्या घरच्या मयताला खांदा मिळणार नाही. काकांचा सख्खा धाकटा भाऊ एका भिंतीपलीकडे राहायचा. त्यानेही दार बंद केलं. एका सकाळी काकींना अंगणात त्यांच्या कोंबड्या माना पिरगाळून ओळीत मांडलेल्या सापडल्या. विहिरीवर त्यांचा दोर कापला गेला. काकी भांडायला गेल्या, तर बायका त्यांच्या आरपार बघून पाणी भरत राहिल्या.

मी त्या वर्षी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. जनरल शिफ्ट करून एसटीने परत यायचे. एकदा वडखळकडे मिठागरावर कामाला असणाऱ्या दोन बाया शेजारी बसल्या.

"त्या वालीतल्याचा पेंढा जलला काल," एक म्हणाली.

"कोनी जालला गो?"

"आगीनं."

दोघी खळखळून हसल्या. मग दुसरीने मला कोपराने दाखवलं. "ही परातवाल्या सायबाची पोर ना?"

"आसंल. इंग्लिश मिडियमची हाय ती. तिला कलतंय व्हय आपला?"

"बघ कशी बघतंय. म्हशीचा पारडू जसा."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला सगळं कळत होतं. आमच्या शाळेत मराठी बोललं की हातावर छडी बसायची, त्यामुळे मी मराठी ऐकायला जास्त शिकले होते.

परातीची फुटलेली मडकी बदलून ती पुन्हा चालू झाली होती. पुढचा शिमगा जवळ आला तसे बाबा गावकीला भेटायला गेले. पहिल्यांदा त्यांना देवळाबाहेर उभं ठेवलं. दुसऱ्यांदा कोणीतरी ढकललं, चष्मा पडला आणि एका टाचेखाली गेला. तिसऱ्यांदा ते जुन्या चष्म्याने गेले आणि बोलणं झालं. ठरलं ते असं: कुंपणाच्या आत होळी नाही. पण कुंपणाला लागून, माळाच्या सुक्या टोकावर झाड उभं करायला बाबांची हरकत नाही. लाकडाने परातीला काही होत नाही. आणि बदल्यात गावाने काकांना परत घ्यायचं.

परत घेण्याची रीत ठरलेली होती. होळीत प्रत्येक घरची लाकडाची मोळी पडते, फाटी म्हणतात तिला. वाळीतल्या घराची फाटी घेत नाहीत. पंचांनी काकांच्या दारात येऊन त्यांची फाटी उचलायची, ती होळीत पडली की वाळीत टाकणं संपलं. काकींनी आंब्याच्या सुक्या फांद्यांची मोळी आदल्या दिवशीच बांधून दारात उभी केली होती. तिला हळदकुंकू लावलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न वर्षभर अडलं होतं. वाळीतल्या घरात कोण सोयरीक करणार?

होळीच्या दिवशी आई रोह्याला मामाकडे गेली होती. मी बाबांचा डबा घेऊन स्टेशनवर आले. दुपार कलली, तेव्हा ढोल-सनईचा खालूबाजा वाजवत झाड आलं. आम्ही दारातून बघितलं. चांगलं सरळ, उंच, शेंड्याला आंब्याचे टहाळे आणि पताका. गावाने ते कुंपणाबाहेर, सांगितलेल्या जागीच उभं केलं. बाबा खुश झाले. काका तर डोळे पुसत होते.

आणि खोलीत बझर वाजला.

परात बंद पडली होती. बाबांनी ती पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. दुसऱ्या, राखीव यंत्रावर नेली, तरीही बंद. बाबा दारात येऊन झाडाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. झाड चार बाजूंनी ताणलं होतं, पण काथ्याच्या दोरांनी नाही. आदल्या वर्षी झाड पडून माणूस मोडला होता, म्हणून गावाने या वेळी काळजी घेतली होती. बार्जवरचे जुने तारेचे दोर आणले होते. उन्हात ते चकाकत होते. त्यातला एक त्या ऐकणाऱ्या खांबाच्या अगदी जवळून जात होता; धातूने परातीचा आवाज वाकडा होऊन खांबाला दिशा चुकल्यासारखी ऐकू येत होती. बाबांनी लाकूड चालेल म्हणून सांगितलं होतं. दोराबद्दल ते बोलले नव्हते, कारण होळीचा दोर काथ्याशिवाय कशाचा असू शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. गावानेही विचारलं नव्हतं. दोर हा काय विचारायचा विषय?

बाबांनी मुंबईला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "राहू दे बंद. आज होळी, उद्या धुळवड. उपग्रह आहेत की. आणि असंच बंद पडायचं असेल, तर हे स्टेशन ठेवायचं कशाला, तेही वर लिहू."

बाबांनी फोन ठेवला. काका दारातच उभे होते.

"सायब, मी दोर बदलतो," काका म्हणाले. "शेडमधला काथ्या हाय. आधी काथ्या बांधायचा, मंग तार सोडायची. झाड हलनार नाय."

"तुम्ही नाही. आज तुमची फाटी पडायची आहे. मी जाऊन पंचांना समजावतो."

"समजावता समजावता अंधार पडंल, आनि ते पेटवतील. मंग तारा तापून तुटतील, झाड कोनाच्या डोक्यात जाईल." काका थोडं हसले. "आनि मला अडवनार कोन? माझी फाटी अजून पडली नाय. वालीतल्या मानसाला नको म्हनायलापन तोंड उघडावा लागतो. बोलला त्याला दंड."

बाबांनी मला आत उभं केलं. "दिव्यावर लक्ष ठेव. लालचा हिरवा झाला की सांग." आणि ते पंचांना शोधायला गर्दीत घुसले. मी दारात उभी राहिले. तिथून दिवाही दिसत होता आणि माळही.

काकांनी काथ्याची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि सरळ चालत गेले. गर्दी फाटली. ढोल थांबला. त्यांनी पहिल्या खुंटाशी बसून काथ्या बांधला, ताणला, मग तार सोडली. तार सापासारखी सळसळत जमिनीवर आली. लोक बघत होते आणि एकमेकांशी मोठ्याने बोलत होते.

"कोनीतरी सांगा रे त्याला."

"तू सांग ना. दंड तू भर."

"मी नाय बोललो हां. मी तुझ्याशी बोलतोय."

"झाडाला हात लावतोय तो! वालीतला हात!"

काका काही न ऐकल्यासारखे दुसऱ्या खुंटाकडे गेले. मग तिसऱ्या. सकाळपासून प्यायलेली तरणी पोरं पुढे सरकत होती. बाबा लांब, पंचांच्या टोळक्यात सापडले होते. हात हलवत काहीतरी सांगत होते आणि कोणीतरी त्यांच्या शर्टाची कॉलर धरली होती.

चौथी तार सुटली तेव्हा झाड थरथरलं. नवा काथ्या ताण घेताना थोडा लांबतो. शेंडा एका बाजूला गेला, टहाळे झुलले. बायका किंचाळल्या. काकांनी दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं, पाय रोवले आणि मागे झुकून झाड धरून ठेवलं.

तेव्हाच दगड आला. मारणारा काकांचा सख्खा भाऊ होता. वाळीतल्या भावाशी त्याला बोलता येत नव्हतं. हात मात्र मोकळे होते. दगड काकांच्या डाव्या डोळ्यावर बसला. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ओल्या भांड्यावर काहीतरी आपटावं तसा. काकांनी दोर सोडला नाही. सोडला असता तर झाड मारणाऱ्यांवरच पडलं असतं. मग सगळीकडून दगड सुटले. पाठीवर, डोक्यावर, गुडघ्यावर. काकांचे गुडघे टेकले, तरी दोर मनगटात होता आणि तो मनगट कापत होता. बाबा ओरडत धावले. ढोलाच्या टिपऱ्यापेक्षा जाड काहीतरी त्यांच्या कानामागे बसलं आणि ते काकांच्या अंगावरच पडले.

माझ्या पाठीमागे बझर थांबला. दिवा हिरवा झाला होता. स्पीकरमधून परातीची खूण ऐकू यायला लागली. लांब, आखूड, लांब, पुन्हा पुन्हा तीच. सांगायला कोणी उरलं नव्हतं.

कोणीतरी जाणत्या माणसाने येऊन दोर हातात घेतला आणि खुंटाला बांधला. झाड उभं राहिलं. रक्त बघून पोरं मागे हटली. मिठाच्या टेम्पोत काकांना आणि बाबांना घालून पेणला नेलं. मी टेम्पोकडे धावले. बाबा शुद्धीवर होते. म्हणाले, "तू काकींकडे जा. दिवा?"

"हिरवा," मी म्हटलं.

काकी आणि त्यांची मुलगी दारात बसल्या होत्या. त्यांना कळलं होतं, पहिला दगड कोणाचा तेही. मोळी तशीच उभी होती. सूर्य खाडीत उतरला, पंच आले नाहीत. लांबून ढोल पुन्हा सुरू झाला. होळी पेटणार होती.

काकी उठल्या. पदर खोचला. "चल गो पोरी, एक टोक धर," त्या मला म्हणाल्या. मुलीला त्यांनी दार लावून आत कोंडलं.

मोळी जड होती. फांद्यांची टोकं माझ्या हाताला बोचत होती. आम्ही दोघी माळावर पोचलो तेव्हा बुंध्याला नुकती आग लागली होती. लोक बाजूला झाले, पण कोणी बोललं नाही. काकींनी मोळी खाली ठेवली, उलटा हात तोंडावर मारला आणि बोंब ठोकली.

शिमग्याला बोंब मारायची, शिव्या द्यायच्या, ही रीतच. त्या दिवशीच्या शिवीला उत्तर द्यायचं नसतं, राग धरायचा नसतो. पण ते पुरुषांचं काम. बाईने होळीसमोर बोंब मारलेली मी तोवर बघितली नव्हती.

"अरे मुडद्यांनो!" काकी ओरडल्या. "वालीत टाकलाव ना? बोलनार नाय ना? मंग ऐका! आज शिमगा हाय, आज शिवीला उत्तर नाय! तुमच्या गिरनीत भुंगा पडो! तुमच्या मिठावर पाऊस पडो! ओ पंच, तुमचा शब्द आनि कुत्र्याचा मूत, दोनी भिंतीवरच! आनि भावजी, कुटं लपलाव? एका आयशीचा दूध प्यायलाव ना दोघं? एक डोला घेतलाव त्याचा. दुसरा घ्याला कवा येताव? सांगा, जेवान रांधून ठेवते!"

गर्दीत कुठेतरी एक म्हातारी फिसकन हसली. मग तिनेच हात तोंडावर नेला आणि बोंब मारली. तिच्या पाठोपाठ दुसरी. बायकांच्या बोंबांनी माळ भरला. मला कळायच्या आत माझाही हात तोंडावर गेला होता. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी कोणाला शिवी दिली नाही, मला देता आली नसती. नुसती ओरडत राहिले, घसा फाटेपर्यंत.

काकींनी मोळी उचलून आगीत टाकली. ती कडेला पडली, अजून पेट घेतलेला नव्हता. एकजण आकडी घेऊन ती बाहेर ओढायला पुढे झाला. पेटलेली फाटी परत काढता येत नाही, न पेटलेली येते. तेवढ्यात बाजूचा लांब बांबू घेऊन काकांचा भाऊ गर्दीतून बाहेर आला. त्याने तो बांबू आकडीवाल्याच्या पाठीत घातला. तो माणूस तोंडावर आपटला. भावाने त्याला अजून दोनदा मारलं, उगाच, लागेल तिथे. मग बांबू उलटा धरून काकांची मोळी आगीच्या आत ढकलली, खोलवर, बुंध्यापर्यंत, आणि ती धडधडून पेटेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याच्या मिशा करपल्या. काकी त्याच्याकडे बघत होत्या. तो बघत नव्हता.

काकांचा डोळा वाचला नाही. बाबांना त्या कानाने आजही कमी ऐकू येतं. पोलीस आले तेव्हा काकांनी सांगितलं की तार सुटून लागली. बाबा म्हणाले, पाठमोरा होतो. मग हवालदार माझ्याकडे वळला. काकी चहा गाळता गाळता थांबल्या. मी म्हटलं, "मी दिवा बघत होते." त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि इंग्लिश मिडियमची पोर म्हणून सोडून दिलं.

स्टेशन राहिलं. उपग्रहवाले साहेब पुन्हा आले तेव्हा फाटकावर एका डोळ्याचे काका बसले होते, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेची हळद साहेबांच्या फायलीला लागली.

पुढच्या शिमग्याला झाड त्याच जागी उभं राहिलं, काथ्याच्या दोरांवर. पेटवायच्या आधी काकांचा भाऊ जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक हातात घेऊन झाडाभोवती फिरला. दोर तपासले, खुंट तपासले. एका पोराच्या कमरेचा कोयता काढून लांब ठेवायला लावला. ढोलाच्या कड्यांपाशी तो अडला, ढोलवाला चिडला, शिव्या झाल्या. मग तो कुंपणाशी आला आणि दारात उभ्या असलेल्या मला त्याने वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "काय गो, दिवा?"

"हिरवा," मी ओरडून सांगितलं.